बुजवलेलं भोक

लक्ष्मीपती चिलवेरी दिवसभर पुठ्ठ्यांना भोकं पाडायचे.
जेकार्डचे पुठ्ठे. भोक असेल तिथे दोरा उठतो,
नसेल तिथे पडून राहतो,
असं करत करत चादरीवर मोर येतो.
रात्री अमेरिकेतले जुने सिनेमे बघायचे,
काळे-पांढरे.
इंग्रजीचं एक अक्षर कळायचं नाही.

साखर पेठेतली व्हिडिओ लायब्ररी मोडली
तेव्हा मारामारीच्या कॅसेटी तासाभरात उठल्या.
ज्यांना गिऱ्हाईक नव्हतं त्या यांनी
पोत्यात भरून सायकलवर आणल्या.
एकशे त्रेचाळीस. मीच मोजल्या.
मग दुबईचा साडू, हैदराबादचा मावसभाऊ,
कुणी येणार कळलं की निरोप जायचा:
एखादी आण. रंगीत नको.
पाठीवर नावं स्वतःची, तेलुगू अक्षरांत.
जिन्यावरची बाई.
पुष्कळ सिगारेट.
कुत्रं मरतं, बघू नये.

मे महिन्यात पत्र्याखालची माठाशेजारची जागा
कॅसेटींची. आम्ही दारात.
अंबुबाई टीव्हीकडे पाठ करून विड्या वळायच्या,
सूप मांडीवर, आणि मध्येच म्हणायच्या,
ही माणसं जेवतात कधी?

मी हेड पुसणारा पोरगा, चौदा वर्षांचा.
त्या वैशाखात रापेल्लींच्या लग्नात
व्हिडिओवाल्याचा दिवा धरून उभा होतो.
कॅसेट संपली. तो म्हणाला, पळ, कुठूनतरी आण.
कुठून ते मला ठाऊक होतं.
आदल्या रात्री वीज गेली तशी ती मशीनमध्येच अडकलेली,
शेवटाच्या अलीकडे.
पाठीवरचा प्लास्टिकचा दात मोडलेला,
म्हणजे हिच्यावर काही भरायचं नाही.
मी तिथे चिकटपट्टी लावली.

अकरा मिनिटं.

जिन्यावरची बाई वर उभी, हातात तार.
खाली तो, टोपी छातीशी धरून.
ती तोंड उघडते
आणि हळद.
बँड, पोरांचा गलका, माझ्या दिव्याचा पांढरा झोत,
त्यात पाण्याचे पेले घेऊन अंबुबाई.
कॅमेरा दिसताच पदर तोंडावर,
वद्दु, वद्दु म्हणतात आणि हसतात.
मग मुंग्या.

चिलवेरींनी कॅसेट उलटी करून पाहिली.
अंगठा पट्टीवरून फिरवला.
भोक बुजवलंस, म्हणाले.
आता दुसराच दोरा उठणार.
आठ दिवस मला हेड पुसायला बोलावलं नाही.

पुढे पुठ्ठे गेले. नक्षी कॉम्प्युटरवर काढू लागले.
अंबुबाईंच्या छातीत तंबाखूची धूळ बसली होती,
त्याही गेल्या.
रापेल्लींनी आपल्यापुरती प्रत काढून
मूळ कॅसेट केव्हाच परत दिली होती.

पुण्याहून मुलानं डिस्क पाठवली, तोच सिनेमा,
पूर्ण, धुऊन पुसून लख्ख केलेला.
त्यांनी ती उन्हात धरली.
हिला तर मधोमधच भोक, म्हणाले,
आणि दोरा ओवून गच्चीवर बांधली.
कबुतरं येत नाहीत आता.

खरा शेवट मी घरी चोरून पाहिला.
ती जिना उतरत नाही.
त्यांनी कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

रविवारी जातो अजून. मशीनचा पट्टा
शिलाई मशीनच्या दुकानातून कापून आणलेला.
दीड तास ते एक शब्द न कळता बघतात.
बाई तोंड उघडते.
फीत तिथे इतकी झिजली आहे
की पदराआधीच चेहऱ्यावर रेघा येतात.
वद्दु मात्र ऐकू येतं.

ते मशीन थांबवतात.
माझ्याकडे न बघता चिंधी पुढे करतात,
स्पिरिटची बाटली सरकवतात.
अजून एकदा पूस, म्हणतात.
नीट पुसलं नाहीस.