सांधा

रायबंदर ते चोडण. रात्रपाळी. एकवीस वर्षं.
साखळी सोडायची, फळी टाकायची,
दोराचे खुंट्याला दोन वेढे.
फळी धक्क्याला टेकली
की दोन काठ घडीभर सांधले जायचे,
तेवढ्यात एखादी स्कूटर, दोन कुत्रे,
कुणाची तरी अवघडलेली सून
अलीकडून पलीकडे.

झोप माझी दिवसाची.
खिडकीला निळी ताडपत्री, कानात कापूस,
तरी नुस्तेकराचा भोंगा उशीपर्यंत यायचा,
शाळेची घंटा, शेजारच्या पिएदादच्या कुकरची तिसरी शिट्टी.
तुकडे नुसते.
शिवून गोधडी करावी म्हटलं
तर सुई धरायला बोटं वळेनात.

आधी बोटं, मग डावा गुडघा,
मग उठताना गंजक्या कडीचा आवाज.
मी खाऱ्या हवेला दोष दिला,
कुमुदिनीनं वांग्याला.

बांबोळीच्या इस्पितळात पोरगेला डॉक्टर
एक्स-रे पाकिटातच ठेवून विचारतो,
झोपता किती वाजता?
मी हसलो. सकाळी नऊला, बाबा,
भरती असो की ओहोटी.
तो हसला नाही.
म्हणाला, दुखणं झोपू देत नाही
आणि झोप नसली की दुखणं जास्त दुखतं.
सुरुवात कुणी केली
ते मलाही सांगता यायचं नाही.

परतताना आमची बोट आठवली.
अधूनमधून ओढून काठावर घेतात तिला,
पोटाची कालवं खरवडतात,
बिजागऱ्यांना ग्रीस, वर रंगाचे दोन हात.
तितके दिवस पलीकडून कुणी तिला हाक मारत नाही.
मी तर गणपतीतही
रजा साठवून ठेवली, कशासाठी कोण जाणे.

आता दिवसपाळी मागून घेतलीय.
पहिल्याच रात्री दोनला उठून बसलो,
पलंगाच्या कडेला दोर चाचपत.
"पडा," कुमुदिनी म्हणाली, "गेली ती फेरी."
तापल्या मिठाची पुरचुंडी गुडघ्यावर ठेवली
आणि माझ्याआधी घोरू लागली.

नऊ-दहा रात्री अशाच.
अंथरूण हलायचं पाण्यावरसारखं,
भिंत जवळ यायची, धक्का लागायचा नाही.

मग काल, कधी लागला डोळा, कळलंच नाही.
पोदेराची सायकल पुढच्या वाड्यावर गेली
तेव्हा जाग आली.
सदऱ्याची बटणं माझी मीच लावली,
खालून चार.
गळ्याशी बोटं अडली.
तिनं पावाची पिशवी खुंटीला अडकवली
आणि काही न बोलता
पाचवं लावलं.