बादली चाचणी

पायरीवर बादली ठेवायची, गळ्यापर्यंत बुडवून,
आतलं पाणी नि बाहेरचं पाणी एका रेघेत.
पेन्सिलीची खूण करायची.
चोवीस तास कोणी पोहायचं नाही.
बादलीतलं जेवढं उतरतं ते ऊन पितं.
तलावातलं त्याहून जास्त उतरलं
तर ते कुठेतरी जातंय.

चेंबूरच्या या सोसायटीत बोटभर जास्त उतरलं.
बोटभर म्हणजे दर चार दिवसांनी एक टँकर,
मी म्हणालो, आणि कमिटीतल्या सगळ्यांनी
आपापल्या बोटाकडे पाहिलं.

मानद सचिव निवेदिता गुप्ते फाइल घेऊन आल्या.
वॉर्ड ऑफिसचं पत्र: कपात चालू असेतो
पालिकेचं पाणी तलावात भरू नये.
टँकरच्या पावत्या तारखेवार लावाव्यात.
खोलीचे आकडे ठळक रंगवावेत,
रिकामा करताना पाणी रस्त्यावर सोडू नये.
त्याखाली सोसायटीचा स्वतःचा नियम, लाल शाईत:
ठोकाठोकी दहा ते एक, तीन ते सहा, रविवारी नाही.
गळतीला रविवार नसतो बाई, मी म्हणालो.
त्या हसल्या नाहीत.
वाक्य मात्र सभेसाठी लिहून घेतलं.

संगमेश्वरला आमच्या घरामागेच नदी,
पण आई उतरू द्यायची नाही.
पोहायला शिकलो ते या धंद्यात पडल्यावर, तेविसाव्या वर्षी,
दुसऱ्यांच्या तलावात, दुसऱ्यांच्या दुपारी.

पंप बंद केले. पाणी काचेसारखं झालं.
शाईची पिचकारी घेऊन तळाशी गेलो.
भेगेपाशी एक थेंब सोडायचा आणि श्वास धरायचा.
खोटी भेग असली तर शाई घोटाळते,
ढगासारखी फुगते, विसरून जाते.
सहा भेगा खोट्या निघाल्या.
सातवी दिव्याच्या खोबणीत, टाइलच्या पाठीमागे.
तिथे शाईचा दोरा झाला
आणि सुईत ओवावा तसा
सरळ आत गेला.

दोरा कुठे निघतो ते बघायला तळघरात उतरलो.
पार्किंग नंबर सत्तावीस.
स्लॅबला पांढऱ्या क्षारांचं बोंड आलेलं,
त्यातून टप्, टप्,
आणि खाली निळी बादली. माझ्याच कंपनीची.
शेजारी भरलेले अकरा कॅन, ओळीत.

गाड्या पुसणारा तायडे उठून उभा राहिला.
मेहकरचा. तीन वर्षं या पाण्यावर
त्रेचाळीस गाड्या धुतोय.
नळाला हात लावायचा नाही, असा नियम आहे ना.
एकदा अळू लावलं होतं त्याने खांबापाशी,
जळून गेलं. क्लोरिन.
गाडीला चालतं, म्हणाला. अळूला नाही चालत.

मग हळूच:
साहेब, पूर्ण बंद होईल?
वर्षाची गॅरंटी असते, मी म्हणालो.
आणि वर्षानंतर?

मला काही सुचेना. मी बोंडावर बोट ठेवलं,
उगाच, तपासल्यासारखं.

शनिवारी सहाला दहा कमी असताना इपॉक्सी भरून झालं.
आठवड्याने पुन्हा बादली ठेवली.
आत-बाहेर एक रेघ.
कामात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती
आणि मला नेहमीसारखा आनंद व्हायला हवा होता.

खाली गेलो. स्लॅब कोरडा खडखडीत.
कॅन रिकामे, एकात एक न जाणारे, म्हणून आडवे.
बादली पालथी, तिच्यावर तायडे बसलेला,
डबा खात.
थेंब नाही बघा, म्हणाला. चांगलं काम केलंत.

काम पूर्ण झाल्याच्या कागदावर
खालच्या मजल्यावरचा एक साक्षीदार लागतो.
सत्तावीस नंबरचे मालक दुबईला असतात.
गुप्तेबाई म्हणाल्या, घ्या की त्याचीच सही.

त्याने हात पॅन्टला पुसले.
पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, वडिलांच्या नावासकट.
शेवटच्या अक्षरावर पेन टेकलेलंच राहिलं थोडा वेळ
आणि शाई
कागदावर पसरत गेली.