अकरावी पिशवी

नावेत पाणी शिरलं आणि शाई वाहून गेली.
सोळा पिशव्या, सोळा जागांची माती,
एकाही चिठ्ठीवर अक्षर शिल्लक नाही.

लांबघराच्या ओसरीवर वेताची चटई टाकून
आकी एम्पालिंग बसले. मी कंदील आणला.
"उजेड राहू दे, मेंगान," म्हणाले. "पाणी आण."

चिमूट ओली करायची, अंगठ्यानं मळायची.
वात वळली, लांबली, तुटली नाही.
"ही माथ्यावरची. मऊ पाटीच्या दगडाची लेक.
पावसानं हिचं धुण्याजोगं सगळं धुतलं,
गोड खारट जे होतं ते नदीला दिलं.
लोखंड हलेना. ते बसलं गंजत."
म्हणून ती पिवळी, कुठे कुठे तांबडी,
आणि तिच्यावर एंकाबांगची झाडं,
शेंडा पाहताना डोक्यावरची टोपी पडावी अशी.

दुसरीत खडे. "उताराची.
दर दरडीबरोबर पुन्हा जन्मते."
माथ्यावरची म्हातारी, उतारावरची तान्ही,
मध्ये माझी चाळीस पावलं.

मग एक पिशवी त्यांनी कानाशी नेली,
बोटांत चोळली, आणि हसले.
"केरांगास. तू कुचिंगमध्ये वाढलीस,
शब्द ठाऊक असेल. अर्थ?"
मी म्हणाले, वालुकाश्म, पांढरी वाळू, आम्लता.
"अर्थ असा, की इथे भात होत नाही."

तिथेच माझं गिरमिट अडलं होतं:
वर साखरेसारखी वाळू, हातभर खाली
कॉफीच्या गाळासारखा काळा, घट्ट थर.
झाडं काठ्यांएवढी. घटपर्णी मुंग्या खाऊन जगते.
ओढा कोऱ्या चहाच्या रंगाचा.
ढग तोच, पाऊस तोच,
खालचा दगड तेवढा दुसरा.

रात्र झाली. दहा पिशव्या डावीकडे गेल्या.

अकरावी त्यांनी मळली. पुन्हा मळली.
हुंगली. नखाएवढा कोळसा निघाला.
"तिथे दुरियन आहेत का? ओळीत?"
तीन होते. ओळ मला दिसली नव्हती.
माझ्या वहीत त्या जागेपुढे लिहिलेलं: अस्पर्श रान.

"माती माथ्याचीच आहे," ते म्हणाले,
"कोळसा आमचा.
आई काठीनं भोकं पाडत पुढे,
मी मागे, दाणे टाकत. बरेचसे कोंबड्यांनी खाल्ले."
पुढचं काही बोलले नाहीत.
बाहेर कुत्रं भुंकलं, कुणीतरी त्याला दटावलं.

उरलेल्या पाच त्यांनी भराभर सांगितल्या,
एक चुकले असावेत.
मी पेन्सिलीनं चिठ्ठ्या लिहिल्या.
अकरावीवर फक्त आकडा.

प्रयोगशाळेत ती मूठभर कमी भरली.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं:
वाहतुकीत गळती.