शेरा

स्पाल्डिंगच्या पॅकिंग हाउसमध्ये सकाळी सहाला
मी टोमॅटो पास करते.
आधी तक्त्याशी रंग लावून बघायचा. सात ते नऊ चालतो,
दहा म्हणजे उशीर झाला.
मग सुई टोचून कडकपणा.
मग एका थेंबाची गोडी, काचेवर:
चार पॉइंट एक.
पास.

वासाला रकाना नाही.
चवीलाही नाही, आणि ते कुणी लपवलेलंही नाही,
मुलाखतीतच सांगितलं होतं:
गिऱ्हाईक डोळ्यांनी उचलतं,
जीभ घरी गेल्यावर.

शेजारच्या टेबलावर दाइवा काकड्या तपासते.
काकडी सरळ हवी. किती सरळ, त्याची पट्टी आहे.
ती म्हणते, लिथुआनियात आजी काकडी चिरायची
तर पलीकडच्या खोलीतून आजोबा विचारायचे, मीठ कुठंय.
मी म्हणते, हो ना.
एवढंच बोलतो आम्ही. पट्टा थांबत नाही.

मार्चमधल्या एका कंटाळलेल्या पहाटे
शेऱ्याच्या रकान्यात मी टाइप केलं, रोमन अक्षरांत:
मिळमिळीत.
मशीननं निमूट घेतलं.
दुसऱ्या दिवशी: पाणचट.
मग सपक, मग पुळपुळीत,
आणि पांढऱ्या खांद्यांच्या ट्रकभर स्ट्रॉबेरीला:
पासपोर्टच्या फोटोतलं हसू.

तीन आठवड्यांनी सुपरवायझर ग्रॅहम कागद घेऊन आला.
ही मिळमिळीत नवी जात आहे का,
स्पेनहून येते की हॉलंडहून?
चौदा खेपा दिसताहेत तिच्या.
मी म्हटलं, जात नाही, शेरा आहे तो.
अर्थ काय?
अर्थ: ठरल्याप्रमाणे.
बरं, म्हणाला. पुढच्या वेळी इंग्रजीत लिही.
तेव्हापासून लिहिते, ओके.
दाइवा मात्र अजून मशीनची कॉफी प्यायली की
कप खाली ठेवत म्हणते, मिलमिलित.

घरी साराला सहा टोमॅटो लागतात.
उकडले, गाळले की पातेल्यात गुलाबी पाणी.
मग चिंचेचा कोळ, मग गूळ, मग डब्यातली प्युरी दोन चमचे,
जिरं जरा सढळ, तूप त्याहून सढळ.
सार होतं शेवटी,
पण त्यात टोमॅटो बसलेला असतो अंग चोरून,
दुसऱ्याच्या लग्नात आल्यासारखा.
नवरा भुरके मारतो. मी काही बोलत नाही.

ऑगस्टच्या शेवटी समोरच्या बेरिलबाईंनी
वर्तमानपत्रात गुंडाळून एक टोमॅटो दिला.
एकच. तोही तडकलेला, देठाशी हिरवा,
माझ्या तक्त्यावर बसेल असा त्याला रंगच नव्हता.
फ्रिजमध्ये घातलास तर बोलणार नाही तुझ्याशी, म्हणाल्या,
आणि पाठ फिरवून गेल्यासुद्धा.

सुरी लावली नि तो वास आला,
केसाळ पानांचा, बोटांना जे हिरवं लागतं आणि
साबणानं जात नाही, त्याचा.
शाल्मलीला अर्धा दिला, मीठ लावून.
सहा वर्षांची आहे. तिनं चावलं, थांबली,
डोळे बारीक केले,
आणि घास हळूच तळहातावर काढून ठेवला.

आई, हा खराब झालाय का?

मी तोंड उघडलं.
नसलेल्या चवीची सगळी नावं
मशीनमध्ये नोंदवून झाली होती,
असलेलीचं एक आठवेना.
नाही गं, म्हटलं. असाच असतो.

तिचा अर्धाही मीच खाल्ला, ओट्याशी उभी राहून,
रस कोपरापर्यंत.
तोवर ती फ्रिज उघडून आपली डबी घेऊन बसली,
छोटे, गोल, एकसारखे.
हे बरे, म्हणाली,
हे तोंडात काहीच करत नाहीत.

डबीच्या पाठीवरचा आकडा मी वाचला.
मंगळवारची खेप, टेबल चार.
माझीच.