पाच मिनिटं घासायचं नाही

रविवार. पाथर्डी फाट्यावर भाजीच्या हातगाड्या
अजून लागायच्या आहेत.
ऊन पार्किंगमध्ये उतरायच्या आत उरकायचं,
तापल्या बॉनेटवर फेस वाळतो
आणि वाळला की डाग धरतो.
चाळिशीत गाडी चालवायला शिकले,
बेचाळिशीत धुवायला.

बाटलीत एक भाग शाम्पू, नऊ भाग पाणी.
गनला लावायची, फिरकी सैल करायची.
पंप असा कोकलतो की ढिकले काका
खिडकी आपटून लावून घेतात.

आणि मग तो येतो,
जाड, पांढरा, आळशी,
टपावरून काचेवर, काचेवरून वायपरवर,
कुठेही वेळेत पोचायचं नसल्यासारखा.

"बर्फ!" खैरनारांचा रेवण जिन्यातून ओरडतो.
नाशकात बर्फ नाही पडत रे, मी सांगते,
फार तर निफाडकडे एखाद्या पहाटे
द्राक्षाच्या पानांवर दव गोठतं,
आणि ते बघून कुणी टाळ्या वाजवत नाही.
तो ऐकत नाही.
नंबरप्लेटवर बोटाने गाय काढतो, पाच पायांची.

अण्णा प्लास्टिकच्या खुर्चीत.
एकतीस वर्षं देवळाली कॅम्पात साहेबांच्या गाड्या चालवल्या.
साहेब बदलले, गाड्या बदलल्या,
बादली तीच. एक बादली, एक शामी,
पहाटे साडेपाच.
"गाडी धुतेयस की दाढी करतेयस तिची?"

आता घासत नाहीत, अण्णा.
पाच मिनिटं नुसतं थांबायचं.
धूळ आपणहून सुटते, फेसाबरोबर खाली येते.
"मी असा थांबलो असतो तर साहेबाने
भगूरपर्यंत चालत धाडला असता."

थांबलो. तो खुर्चीत, मी गन धरून.
एक मिनिट. दोन.
बोलायचं म्हणून बोलले,
बघा ना, दारं नाहीत, आरसे नाहीत, दिवे नाहीत,
नुसता पांढरा ढीग.

त्यांनी मान तिरकी केली,
उजव्या डोळ्याने बघायचं असलं की करतात तशी.
"मला रोज अशीच दिसते."

तक्रार नव्हती. पेट्रोलचा भाव सांगावा तसं.

फाईल माझ्याकडेच आहे.
थेंब मी घालते, गुरुवारची तारीख मी घेतली,
लेन्स कुठली, खर्च किती, सगळं मला पाठ.
एवढंच माहीत नव्हतं
की संध्याकाळी मी दारात आले
आणि ते म्हणाले, "कुंदा का?"
तर ते ह्याच्यातून विचारत असतात.

फेस खाली सरकू लागला.
दिंडोरीच्या लग्नाची काळी माती,
अंबडच्या शेडमधली बारीक लोखंडी धूळ,
कुठल्याशा पक्ष्याचं काहीतरी,
सगळं राखाडी होऊन फरशीवरून जाळीकडे निघालं.
रेवणची गाय आधीच गेली होती.
वरून खाली पाणी मारलं, आणि निळी गाडी
हळूहळू परत आली.

झाली स्वच्छ, मी म्हटलं.

"मागचं डावं दार उघड. खाली, आतल्या कडेला बघ."

उघडलं. वाकले.
बोटभर चिखलाची पट्टी, जशीच्या तशी.
तिथे ना फेस पोचला होता ना धार.

कसं दिसलं तुम्हाला?
"दिसायचंय काय त्यात. तिथे राहतोच."

गुडघ्यावर हात देऊन उठले.
"शामी आण. तो नवा गुबगुबीत फडका नको."
आणली. भिजवून, पिळून दिली.
एका हाताने दाराचा कोपरा चाचपला त्यांनी,
दुसऱ्याने पुसलं, एकाच दिशेने, न दाबता.

निघाला का, हे मला विचारलं नाही.
अंगठा फिरवून बघितला.