पाव फेरा

आधी चौदा फेरे होते.
डाय प्रेसच्या डोक्यात ठेवायची,
आटा धरेपर्यंत जरा मागं घ्यायची,
मग बोटांनी फिरवत राहायचं, चौदा वेळा.
काढताना तेच, उलटं.
पुंगळीचं अंग आवळायला एक डाय,
गोळी बसवायला दुसरी,
रायफल बदलली की सगळं मुळापासून.

सॅमन नदीच्या काठाला बर्फाची साय धरली
की माझी बोटं संपावर जातात.
तिसऱ्या फेऱ्यालाच आटा चुकतो.
ऑरिन म्हणाला, "व्हर्ल, नवा प्रेस घे,
नुसतं डोकं फिरवलं की हवी ती डाय समोर."
म्हटलं, हा ओतीव लोखंडाचा आहे, माझ्या लग्नाहून जुना,
आणि माझ्याकडं लेथ आहे.

एकतीस वर्षं खाणीच्या वर्कशॉपात
पंपांचे दांडे कातलेत मी.
प्रेसमधला जुना बुश काढला, भंगाराच्या डब्यात टाकला,
नवा कातला.
मग त्याचेच आटे छाटले: तीन पट्ट्या ठेवल्या, तीन उडवल्या,
जुन्या तोफांच्या मागच्या दाराला असायचे तसे.
पहिला केसभर ढिला, गोळ्या वाकड्या बसल्या.
दुसरा पहाटेच्या थंडीत असा अडकला
की पान्ह्यानं सोडवताना माझेच आटे ढिले व्हायची वेळ.
तिसरा:
घाल, पाव फेरा,
खट्.

ऑरिननं घड्याळ लावलं. चार सेकंद.
"आता उरलेल्या वेळाचं काय करणार?"
विनोद होता. मी हसलोही.

सगळ्या डायना एकेक गळपट्टा केला.
एक जोडी तेवढी राहिली.
हिरवा पत्र्याचा डबा, झाकणावर आर्डिथचं अक्षर:
हात लावू नका. व्हर्ल, तूसुद्धा.

तिच्या दोनशे सत्तावनसाठी
अख्खा एक रविवार ती ती डाय जुळवत बसली होती.
केसभर वर, केसभर खाली,
पुंगळी दिव्याखाली धरून, दातांत पेन्सिल.
जमलं तेव्हा लॉक-रिंग आवळली
आणि वरून लाल नेलपॉलिशची रेघ ओढली.
नखांना कधी लावलं नाही तिनं.
बाटली आणली होती ती एवढ्यासाठीच.

मोजता येतं.
माझ्याकडचा मायक्रोमीटर इंचाचा हजारावा भाग दाखवतो.
रिंग सोडायची, नव्या गळपट्ट्यात बसवायची, आकडा तोच आणायचा.
आकडा आला असता.

ऑक्टोबरात शेल्बी आली. सतरावं सरलेलं,
खिशात पहिला परवाना, खांद्यावर आजीची रायफल.
वीस काडतुसं हवी होती.
माझा बुश हाताळून बघितला, खट्, खट्, खट्,
मग डब्याकडं बोट: "हिला का नाही केलं?"
मी झाकण पुढं केलं.
वाचून म्हणाली, "माझं नाव नाहीये यात."

मग भंगाराचा डबा उपसला.
तुटके ड्रिल, वायसर, दाराची एक कडी,
तळाशी जुना बुश.
तिनं बाहीनं ग्रीस पुसलं. कडेला
लाल ठिपका. ठिपका नाही, अर्धी रेघ.
चाळीस वर्षं माझ्या डोळ्यांसमोर असणार ती.
मला माहीत नव्हतं.

बुश पुन्हा बसवला. शेल्बीनं डाय फिरवायला घेतली,
ओठांतल्या ओठांत मोजत.
अकराव्याला तिनं मोजणं सोडलं,
मी सोडलं नाही.
चौदाव्याला वरची रेघ खालच्या रेघेवर आली
आणि डाय आपोआप थांबली.

वीस काडतुसं व्हायला दुपार गेली.
सगळे बार मीच वजनकाट्यावर तोलले,
तो विश्वास अजून तिच्यावर नाही.
शेवटी ती म्हणाली, "काढताना तू काढ."

बोटं दुखत होती.
एक. दोन.
तीन.