सुरू

दत्त चौकातून मीच आणलं ते.
साडेतीन फूट, अकराशे पन्नास,
दुकानदार म्हणाला, दहा वर्षं पाहायचं काम नाही.
खोकं मांडीवर घेऊन यवतमाळहून एसटीनं आले.
कंडक्टरनं विचारलं, पंखा काय?
मी हो म्हटलं.

त्याआधी आठ दिवस घरात धुसफूस.
आबांचं म्हणणं, फांदी आणू, सुरूची,
दर नाताळला आणतो तशी,
बंद पडलेल्या मिशन दवाखान्याच्या आवारातून.
सात सुरू होते तिथं.
सहा तारांच्या आड येतात म्हणून वीजवाल्यांनी पाडले.
उरला एक, एक्स-रेच्या खोलीमागं,
त्याची सगळ्यात खालची फांदी आता
आबांच्या वयाच्या वर आहे.

मी म्हटलं, तोडलेली फांदी चौथ्या दिवशी वाळते,
झाडलोट मला करावी लागते,
चटईत रुतलेल्या सुया
फेब्रुवारीतही तबिथाच्या तळपायात निघतात.
हे खरंच होतं.
आणि हेही, की एकदा तरी मला
चारही बाजू असलेलं झाड हवं होतं.
फांदीला एकच बाजू,
दुसरी आपण भिंतीकडे करायची.

आबा वाद घालत बसले नाहीत.
कोयता घेऊन गेले,
संध्याकाळी नुसता कोयता घेऊन आले.
"लय उंच झाला वो तो."

मग खोकं उघडलं.
फांद्यांच्या टोकांना रंग, लाल लालमध्ये, पिवळा पिवळ्यात,
तबिथानं दहा मिनिटांत उभं केलं झाड,
घरभर नव्या रेनकोटचा वास.
तीन पायांची बैठक डगमगत होती,
म्हणून आबांनी माळ्यावरचा डालड्याचा डबा काढला,
काळी माती दाबून भरली
आणि लोखंडी खोड त्यात रोवलं.
तीस वर्षं सुरूची फांदी याच डब्यात उभी राहायची.
बर्फ नेहमीचाच, मडावींच्या वावरातला,
तिसऱ्या वेच्याचा कापूस, सरकीसकट.

नाताळच्या आदल्या सकाळी
डब्याखालची फरशी ओली दिसली.
मांजराच्या नावानं बोटं मोडत पुसली.
नाताळला अंधारातच उठले, करंज्या तळायच्या होत्या,
तर आबा, हातात गडवा,
वाकून, डब्याच्या कडेकडेनं,
सांडू नये म्हणून दुसरा तळवा खाली धरलेला.

पोटात धस्स झालं.
शेवटी शेवटी आत्याबाईंनीही असंच सुरू केलं होतं,
दुधात मीठ, उशीखाली चपाती.
"आबा, प्लास्टिकचं आहे ते."
"माह्यती हाये मले."
धार तशीच चालू.
"घरी आलेल्याले पाणी तं विचारा लागते."

रात्री गाणारी मंडळी आली,
पाळकबाई झाडाजवळ थांबून म्हणाल्या,
अगदी खऱ्यासारखं आहे हो.
आबा त्यांना करंजी वाढत होते.

नव्या वर्षाची उपासना झाली, झाड उतरवलं.
फांद्या रंगांप्रमाणे सुट्या झाल्या,
खोड हलेना.
ओढलं तसा मातीचा अख्खा गोळा वर आला,
आत नळीला तांबूस गंज,
बोटाला लागला, कुंकवापेक्षा थोडा मळकट.
दहा वर्षं, म्हणाला होता.
मातीत कापूस गळून पडलेला.
सरकी फुगली होती.
कोंब नव्हता,
नखानं उकरून दोनदा पाहिलं मी.

फांद्यांचं खोकं माळ्यावर गेलं.
खोड डब्यातच आहे, मागच्या दाराशी,
तबिथा त्यावर ओला रुमाल वाळत घालते.
आबांचा गडवा चुकत नाही.
परवा डोळे तपासायला पुसदला गेले,
तिथंच मुक्काम पडला.
सकाळी मीच भरला.